आधी बूड टेकू द्या, मग पाटी

नमस्कार. (गोधडीची गुंडाळी कॅमेऱ्यासमोर धरत) ही बघा. जुनी गोधडी, घट्ट गुंडाळून नाडीनं बांधलेली. दिव्यांग लेकरू अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं, असं विचारलं की मी आधी ही दाखवते. भाषण नंतर.

परभणीकडच्या एका खेड्यात मी सेविका होते. तिथं चार वर्षांचं एक लेकरू होतं, सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा कमी. पाय ताठ, मान डुगडुगती. रजिस्टरला नाव होतं, आहार त्याची आई घरी न्यायची. लेकरू मात्र कधी दिसायचं नाही. मी म्हटलं, "घेऊन येत जा की." तर ती म्हणाली, "बाई, एवढ्या लेकरांत ह्याला कुठं बसवू? पडतंय ते."

तिनं नेमकं दुखणं सांगितलं होतं, मलाच कळलं नाही. लेकरू आणवलं, भिंतीला टेकवून बसवलं, हातात खडू दिला. खडू पडला. परत दिला, परत पडला. मी ठरवून टाकलं, ह्याला धरताच येत नाही. पुढं एका फिजिओथेरपिस्ट ताईनं डोळे उघडले. "त्याची सगळी ताकद पडू नये म्हणून चाललीय. खडू कशानं धरेल?"

मग आम्ही जागा बदलली. दोन भिंतींचा कोपरा, म्हणजे दोन्ही खांद्यांना आधार. बुडाखाली बुटकं स्टूल, तळवे पूर्ण टेकतील एवढंच उंच. मांड्यांमध्ये ही गुंडाळी, म्हणजे पाय कातरीसारखे एकमेकांवर चढत नाहीत. समोर कोपरं टेकवायला उलटी पेटी. आणि खडूला सायकलच्या ट्यूबचे वेढे. (खडू दाखवत) जाड झाला की मुठीत बसतो. खर्च शून्य. पण प्रत्येक लेकराचं अंग वेगळं, तेव्हा बसवण्याची पद्धत एकदा फिजिओला दाखवून घ्याच.

खिचडीचंही तेच. आई त्याला मांडीवर आडवं घेऊन, मान मागं टाकून भरवायची. असं करू नका! घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, खिचडी मऊ घोटलेली, घास लहान.

आता कायद्याचं, थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय. पण मोफत शिक्षणाचा हक्क लिहिलाय 6 ते 18 वर्षांसाठी. म्हणून पुष्कळ घरांत "सहा वर्षांचं होऊ द्या, मग बघू" चालतं. तोवर शिकायचं मोलाचं वय निघून जातं, आणि खेड्यात त्या वयाला अंगणवाडीशिवाय दुसरं दार असतं तरी कुठं? केंद्रानं नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला: लक्षणं लवकर ओळखा, लेकराला सोबत घ्या, घरच्यांना बळ द्या, आशाताई आणि आरबीएसकेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, पथकाकडून पुढं पाठवा. हे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका, एवढं ऐका माझं.

ऐकू कमी येत असेल तर लेकरू तुमच्या तोंडासमोर बसवा आणि गाणं हातवाऱ्यांनी म्हणा. तसंही सगळ्यांना तेच आवडतं.

"बाकीची लेकरं चिडवतील" असं मला पालकांनीच सांगितलं होतं, लेकरांनी नाही. त्यांनी दोन दिवस टक लावून बघितलं, तिसऱ्या दिवशी गोधडीवरून भांडण, आम्हालाही पाहिजे म्हणून. आणि महिनाभरानं एक पोरगी रडत आली, "बाई, ह्यानं माझ्या पाटीवर रेघ मारली."

वाकडी होती, पण चांगली लांब होती. मी दोघांनाही रागावले.