पोकळ बेहड्यात

(पाऊस नुकताच थांबलाय. पानांवरून ठिबकणारं पाणी.)

कोकणातल्या देवराईतला हा जुना बेहडा. बुंध्याला हात जाईल एवढी ढोली. बघणारा म्हणेल, गेलं हे झाड. पण झाडाचं अन्नपाणी वाहतं ते सालीलगतच्या थरांतून. मधला गाभा मेलेलंच लाकूड. कधीतरी वादळात फांदी मोडली, जखमेतून बुरशी शिरली आणि गाभा कुजू लागला. एवढी ढोली व्हायला कित्येक दशकं जातात.

(कॅमेरा ढोलीत.)

तळाशी तपकिरी भुसा. त्यात कुजकं लाकूड, पाचोळा, पाखरांची विष्ठा. वैशाखात बाहेर रान भाजून निघतं, तेव्हाही या भुशात ओल असते.

कणीएवढं काहीतरी टुणकन उडालं, दिसलं? स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेली दांडी सुटली, की ती अशी फेकली जाते. सहा पाय असूनही तिला आता कीटकांत धरत नाहीत. बुरशीवर जगते बिचारी.

आणि तिच्या मागावर हा छद्मविंचू, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. पुढे विंचवासारखे चिमटे, मागे नांगीच नाही! विष आहे, पण ते चिमट्यांत. घाबरू नका, माणसाला त्याचा काही त्रास नाही.

(वर, दुबेळक्यातली पाण्याने भरलेली ढोली.)

इथलं जग वेगळं. एडिस डासाची मादी पाण्याच्या जरा वर, भिंतीवर अंडी घालते. ती कोरडी राहूनही तग धरतात. पावसाने पाणी चढलं की फुटतात. त्या अळ्यांना खायला टॉक्सोऱ्हिंकायटिस नावाच्या थोराड डासाची अळी टपलेली असते. मोठी झाल्यावर हीच मादी रक्ताला शिवत नाही, फुलांच्या रसावर राहते. डासाच्या जातीत असाही सज्जनपणा!

केरळातल्या पश्चिम घाटात तर अशा पाण्यात खेकडाही राहतो. शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद २०१७ साली झाली. तिथल्या काणी आदिवासींना तो आधीपासून ठाऊक होता, म्हणून नाव ठेवलं ‘काणी मरंजंडू’.

(पुन्हा खालची ढोली. कडेवर एक भुंगेरा.)

छद्मविंचवाला पंख नाहीत. दुसरी ढोली गाठायची कशी? तो भुंगेऱ्याचा पाय चिमट्यात धरतो आणि लोंबकळत राहतो. भुंगेरा उतरेल तिथे हाही उतरणार.

(भुंगेरा उडतो. कॅमेरा त्याच्या मागे, देवराईच्या गडग्यापर्यंत.)

गडग्यापलीकडे काजूची नवी लागवड. तिथलं एकही झाड अजून पोकळ झालेलं नाही.