काका की मामा? कार्मेन कॉन्सोलीचा ‘एलेत्त्रा’ ऐकताना

(एका श्रवण-मंडळाच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आधी एक कबुली देऊन टाकते. आज ज्या गाण्याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, ते मी कितीतरी महिने भांडी घासताना गुणगुणत होते. चाल तोंडात बसली होती आणि शब्द जमतील तसे, म्हणजे बहुतेक चुकीचेच. इटालियन मला तेव्हा येत नव्हतं, आजही कामापुरतंच येतं. एकदा माझी भाची घरी आली होती. ती इटालियन शिकत होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, “मावशी, तू हे काय गातेयस तुला माहितीये का?” मी म्हटलं, “नाही बाई, पण झकास आहे.” ती काही बोलली नाही. वही घेऊन बसली आणि अर्थ लिहायला लागली. पहिल्याच ओळीला, गाण्याच्या नावापाशीच अडली. तिथे आपण परत येऊ.

गायिकेचं नाव कार्मेन कॉन्सोली. जन्म १९७४चा, सिसिलीतल्या कातानियाचा. एटना ज्वालामुखीच्या उतारावर सान जोव्हान्नी ला पुन्ता नावाचं गाव आहे, तिथे ती वाढली. वडील हौशी गिटारवादक, ब्लूजचे वेडे. मुलीच्या हातात गिटार त्यांनीच दिली. चौदाव्या वर्षी ती दुसऱ्यांची इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या एका बँडमध्ये होती. १९९६मध्ये पहिला अल्बम आला, त्याच वर्षी ती सान रेमोच्या महोत्सवात, म्हणजे इटलीतल्या गाण्यांच्या मोठ्या स्पर्धेत, गायली. पुढच्या वर्षी ‘कॉन्फूझा ए फेलीचे’, म्हणजे ‘गोंधळलेली आणि सुखी’, हे गाणं घेऊन पुन्हा गेली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली. गाणं मात्र देशभर गाजलं. १९९८च्या अल्बमचं नाव तर ऐकण्यासारखं आहे: ‘मेदियामेन्ते इस्तेरिका’. माफक उन्मादी, असं म्हणू या. बाईला ‘हिस्टेरिक’ म्हणायची सोय ग्रीकांपासूनची. तो शब्दच मुळी गर्भाशयावरून आला. कार्मेन म्हणते, आहे मी उन्मादी, पण माफक. त्या अल्बममधल्या गिटारी चांगल्या कडक आहेत. ज्यांना फक्त रॉक हवा, त्यांनी तिथून सुरुवात करावी.

इटलीत एक शब्द आहे, कान्ताउतोरे. स्वतः लिहून, चाल लावून, स्वतः गाणारा. बाई असली की कान्ताउत्रीचे. आपल्याकडे यासाठी सुटसुटीत शब्दच नाही. ‘गीतकार-संगीतकार-गायिका’ म्हणेपर्यंत गाणं संपतं. जात्यावर बसणारी प्रत्येक बाई हेच करत होती, तरी आपण तिला नाव दिलं नाही, तिची ओवी तेवढी गोळा केली. असो. कार्मेनला लोक ‘कान्तान्तेस्सा’ म्हणतात. यातली गंमत अशी, की ‘कान्तान्ते’ म्हणजे गाणारा किंवा गाणारी, दोन्हींना एकच शब्द पुरतो. त्याला ‘-एस्सा’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय लावायची व्याकरणाला अजिबात गरज नाही. ‘गायिका’ला पुन्हा ‘ईण’ लावून ‘गायिकीण’ करावी तसं. मुद्दाम केलेला, थोडा खोडकर शब्द आहे.

आता ‘एलेत्त्रा’. हा अल्बम ऑक्टोबर २००९चा. दहा गाणी. त्याच्या थोडंच आधी तिचे वडील गेले होते. अल्बमचं नाव ग्रीक शोकांतिकेतलं: ट्रॉयहून परतलेल्या आगामेम्नॉनचा त्याच्या बायकोनेच घात केला, आणि बापासाठी वर्षानुवर्षं शोक करत राहिली ती मुलगी एलेक्ट्रा. तुम्हाला वाटेल, पॉप अल्बमला हे नाव म्हणजे जरा जडच. पण सिसिलीत ते जड नाही. कातानियाच्या दक्षिणेला तास-दीड तासावर सिराकूझा आहे. तिथल्या दगडात कोरलेल्या ग्रीक रंगमंडलात ग्रीक नाटकांचे खेळ आजही होतात, १९१४ सालापासून. नाटककार एस्किलस मेला तोही सिसिलीतच, जेला गावी. तिथल्या मुलीला एलेक्ट्रा म्हणजे आपल्याकडच्या शाळकरी मुलीला द्रौपदी.

पहिलं गाणं ‘मान्दाची ऊना कार्तोलीना’. अर्थ: आम्हाला एक पोस्टकार्ड पाठव. चित्राचं कार्ड, सहलीला गेलेली माणसं पाठवतात ते. हे गाणं वडिलांसाठी आहे. नाव पुन्हा एकदा मनात म्हणून बघा. माणूस कायमचा गेलाय आणि आपण त्याला स्टेशनावर सोडायला आलेल्यांसारखं सांगतोय, पोचल्याचं कळव हं. आपल्या घरांतही हे वाक्य किती वेळा म्हटलं गेलंय! ज्याचं उत्तर येणार नाही, तिथे ते म्हटलं की काय होतं, ते ऐका. आवाज चढवलेला नाही, हुंदका कुठे नाही. आता गंमत बघा, हुंदका हीच खरं तर कार्मेनची ओळख. तिचा आवाज खालच्या पट्टीत, छातीतून निघतो आणि मधेच तुटतो, स्वराला उचकी लागल्यासारखा. नाकातून येणारा, रुंद उघडलेला ‘आ’. तिच्या सुरुवातीच्या गाण्यांत ही तऱ्हा इतकी ठळक आहे की काहींना त्रास होतो. माझ्या यजमानांना होतो. इथे, जिथे रडायला खरं कारण आहे, तिथे तिने ती आवरून धरलीय.

आणि आता ते भांडी घासतानाचं गाणं. ‘मीओ त्सीओ’. ठेका असा की पाय आपोआप हलायला लागतो. गिटार धारदार, चाल लगेच तोंडात बसणारी. भाचीने वहीत पहिला शब्द लिहिला, ‘माझा’. मग मला विचारलं, “मावशी, काका लिहू की मामा?”

‘त्सीओ’ म्हणजे अंकल. इटालियनमध्ये एकाच शब्दात काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, सगळे मावतात. आपल्या भाषेत मावत नाहीत. मराठीत तुम्हाला बोट दाखवावंच लागतं: बापाकडचा की आईकडचा? रक्ताचा की लग्नाने आलेला? मी सहज म्हटलं, “मामा लिही, मामा प्रेमळ असतो.” ती म्हणाली, “थांब, पुढचं वाच.”

गाणं आहे ते एका अंत्ययात्रेचं. काका म्हणा, मामा म्हणा, गेलेत. नातेवाईक जमलेत, रडतायत, देवमाणूस होता म्हणतायत. गर्दीत एक पुतणी किंवा भाची उभी आहे. लहानपणी या देवमाणसाने आपल्याशी काय केलं, ते तिला आठवतंय. घरातल्या मोठ्यांना ते दिसलं नाही, किंवा दिसून त्यांनी मान वळवली. ती तिथे ओरडत नाही, कुणाची कॉलर धरत नाही. ती मयताला आलेल्या सगळ्यांचं वर्णन करते, चांगल्या घरच्या मुलीच्या भाषेत, नीट, सभ्यपणे.

त्या दिवशी माझा हात साबणाच्या पाण्यात तसाच राहिला. मी इतके दिवस जे गुणगुणत होते, ते हे. आणि पुढे कधीतरी मला वाटलं, माझी यात चूक झाली नाही; गाणं बांधलंच तसं आहे. मला तर परकी भाषा आडवी आली होती. पण कातानियात रेडिओ लावून गाडी चालवणाऱ्या माणसालाही ठेका आधी पकडतो आणि शब्द मागून पोचतात. तोपर्यंत त्याची बोटं स्टिअरिंगवर ताल धरून बसलेली असतात. म्हणजे तोही क्षणभर त्या मयताला आलेल्या नातेवाइकांतला एक होतो. छान चाललंय, कशाला विचारायचं. मग अर्थ येतो आणि बोटं थांबतात. गंभीर विषय म्हणून तिने संथ, खिन्न चाल लावली असती, तर आपण पहिल्या सुरापासून सावध राहिलो असतो, सहानुभूतीचा चेहरा करून बसलो असतो. तिने ती संधी दिलीच नाही.

मानवी हक्कांच्या विषयावरच्या गाण्यासाठी अ‍ॅम्नेस्टीची इटालियन शाखा दर वर्षी एक पुरस्कार देते. २०१०चा या गाण्याला मिळाला. त्याच वर्षी अल्बमला ‘तार्गा तेन्को’ मिळाला. लुइजी तेन्को हा तरुण कान्ताउतोरे १९६७मध्ये सान रेमोच्या महोत्सवातून बाद झाला आणि त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. त्याच्या नावाचा हा सन्मान १९८४पासून देतात, आणि गाणी स्वतः लिहिणाऱ्यांमध्ये त्याचं वजन मोठं. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठी तो एका बाईला मिळाला, तो २०१०मध्ये पहिल्यांदा. सव्वीस वर्षं लागली. मी यावर काही बोलत नाही, आकडा पुरेसा आहे.

सभ्य भाषा हे तिचं जुनंच हत्यार. २००६च्या ‘एव्हा कोन्त्रो एव्हा’मध्ये ‘मारीया कातेना’ नावाचं गाणं आहे, गावाच्या कुचाळक्यांत भरडल्या गेलेल्या एका बाईचं. तिथेही राग सगळा नेमक्या, इस्त्री केलेल्या शब्दांत. इटालियन पॉपमध्ये लेखक सहसा आखूड शब्द शोधतात, कारण त्या भाषेत बहुतेक शब्द स्वरावर संपतात आणि ठेक्यावर ठोसा बसत नाही. मराठीचं उलट: ‘हात’, ‘रान’, ‘पाऊस’, आपले शब्द व्यंजनावर खटकन थांबतात. रॉकसाठी ही केवढी सोय आहे! पण ते पुन्हा कधीतरी. कार्मेन मात्र लांबलचक, पुस्तकी शब्द हौसेने घेते. या अल्बममध्ये एका गाण्याचं नाव ‘पेर्तुर्बात्सिओने आत्लांतिका’ आहे, हवामानाच्या बातम्यांतला शब्द, अटलांटिकवरून येणारं वादळी हवामान. शेवटच्या गाण्याचं नाव तर अख्खी तारीख आहे, २१-१०-२०३०, अक्षरांत, एका दमात: ‘वेन्तुनोदिएचीदुएमिलात्रेंता’. एवढा लांबलचक एकच शब्द. रेडिओवरच्या निवेदकांची मला दया येते.

सगळा अल्बम सारखा उंचीवर नाही. मधल्या एक-दोन गाण्यांत व्हायोलिनं जरा जास्त गोड झालीत असं मला वाटतं, आणि ‘मीओ त्सीओ’ इतक्या लवकर आल्यामुळे पुढच्या हळुवार प्रेमगाण्याकडे लक्ष जायला दोन-तीनदा ऐकावं लागतं. क्रम माझ्या हातात असता तर मी बदलला असता. पण मग माझी फजिती झाली नसती, तेही खरं.

‘मारी ती आमियामो’ या गाण्यात तिच्याबरोबर गायक-संगीतकार फ्रांको बात्तियातो आहे. तोही एटनाच्या परिसरातलाच, १९४५चा. अखेरपर्यंत मीलो गावी राहिला आणि २०२१मध्ये तिथेच गेला. या गाण्यात इटालियनबरोबर फ्रेंच येतं, अरबीही येतं. कुणाला वाटेल, परदेशी मसाला टाकलाय. पण सिसिलीवर नवव्या शतकापासून अकराव्यापर्यंत अरबांचं राज्य होतं. तिथला शेतकरी पाण्याच्या टाकीला आजही ‘जेब्बिया’ म्हणतो, तो अरबी शब्द. घरातलंच भांडं माळ्यावरून काढून वापरावं, तसं आहे हे.

आणि आता माझ्या बोलण्यातलं शेवटचं गाणं, माझं लाडकं. ‘आ फिनेस्त्रा’, खिडकी. हे गाणं इटालियनमध्ये नाही, सिसिलियनमध्ये आहे. सिसिलियन ही बोली की स्वतंत्र भाषा, यावर तिथे तावातावाने वाद होतात. आपल्याला कोकणीच्या निमित्ताने तो सूर ओळखीचा आहे. कार्मेन रोझा बालिस्त्रेरीला फार मानते. लिकाताची, १९२७ची, गरिबीत आणि मारहाणीत वाढलेली लोकगायिका, सिसिलियनमध्येच गायची, खरखरीत आवाजात. तिचं ऋण कार्मेनने स्टेजवरून तिची गाणी गाऊन फेडलंय. ‘आ फिनेस्त्रा’मध्ये मात्र बालिस्त्रेरीचा विलाप नाही. खिडकीतून चौक दिसतो, चौकात गावची माणसं, त्यांची ऐट, त्यांचा दिखावा. बाई आत उभी राहून सगळं बघते आणि नाचायला लावील अशा तालात सांगते. चाळीच्या गॅलरीत आयुष्य काढलेल्यांना मी हे समजावून सांगायला नको.

ऐकताना एका गोष्टीकडे कान ठेवा. इटालियनमध्ये आपला ‘ट’ नाही, ‘ड’ नाही. त, द एवढंच. मराठी माणूस इटालियन बोलायला लागला की आधी त्याचा ‘ट’ सोडवावा लागतो, भाचीच्या वर्गात यावरून रोज हशा व्हायचा. पण सिसिलियनमध्ये इटालियनच्या दुहेरी ‘ल्ल’चा ‘ड्ड’ होतो. ‘बेल्ला’, सुंदर, तिथे ‘बेड्डा’. जीभ वर वळवून, अगदी आपल्या ‘लाडू’तला ड. भाचीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती ओरडलीच, “मावशी, हिला आपला ड येतो!”

हो, त्या वहीचं राहिलं. तिने ‘काका’ लिहिलं, खोडलं, ‘मामा’ लिहिलं, तेही खोडलं. पान तसंच आहे माझ्याकडे. पुढे सगळं गाणं मराठीत आहे, आणि वर ‘माझा’ या शब्दानंतर दोन खोडलेले शब्द.

दिवे राहू देत चालू. लावते मी ‘आ फिनेस्त्रा’. आवाज जरा वाढवा हो कुणीतरी, मागे पोचत नसेल.