रातांब्याचा लाल

(दृश्य: गिरगावातल्या चाळीची गॅलरी. कठड्याशी काचेच्या तीन बरण्या.)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. या गॅलरीत ऊन येतं सव्वादहाला आणि एकच्या सुमाराला समोरच्या टॉवरमागे जातं. तेवढ्या वेळात आत्या बरण्या तीन-चारदा सरकवते. ऊन पुढे गेलं की बरणी पुढे.

हा कॉकटेलचा व्हिडिओ आहे. बाटलीही येणार आहे, पण जरा उशिरा. आधी बरणीत काय आहे ते बघा.

(दृश्य: आठ दिवसांपूर्वी. दादरचा बाजार, सकाळ.)

आंब्याच्या पेट्यांपुढे कॅमेरा थांबलेला नाही. आंब्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. आम्ही शोधत होतो ती ही टोपली. पळसाच्या पानावर करवंदं, बाजूला जाम, आणि मागे अर्धवट झाकलेले रातांबे. कोणी भिरंडं म्हणतं. पिकला की गडद लाल, जवळजवळ जांभळा. हाताला गुळगुळीत, देठाशी किंचित चिकट.

मुंबईत कोकम सगळ्यांना माहीत असतं, रातांबा, म्हणजे कोकमाचं ताजं फळ, फारच थोड्यांना. आमसूल म्हणजे रातांब्याची वाळवलेली साल. मीठ घालून काढलेला रस तो आगळ, ज्याची सोलकढी होते. आणि साखरेत मुरवून निघालेला पाक तो अमृत कोकम. सगळं एकाच फळाचं, आणि एवढं असूनही आपण त्याला ‘पित्तावर बरं’ म्हणून कपाटात ठेवून देतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे झाड परसात असतं, रानात असतं. मुद्दाम लावायचं तर गंमत अशी, की बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. म्हणजे सात-आठ वर्षं पाणी घाला, आणि मग कळतं की याला फळ धरणारच नाही. म्हणून कलमं बांधतात. दुसरी अडचण पावसाची. फळ पिकतं एप्रिल-मेमध्ये, पण बरंचसं मागे राहतं आणि पहिल्या पावसात सापडतं. भिजलेली साल वाळत नाही, बुरशी धरते, झाडाखाली लाल चिखल होतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ नावाची जात काढली, ती पावसाच्या आधी तयार होते. तरी जुनी झाडं जुन्याच वेळेला पिकतात. मुंबईत कोणी ग्लासभर जास्त प्यायला लागलं, तर त्यातली चार फळं तरी उचलली जातील, एवढाच माझा हिशेब आहे.

(दृश्य: आत्याचे हात. विळी, परात.)

रातांबा आडवा कापायचा. आत पांढऱ्या गरात बिया. गर-बिया एका भांड्यात, सालीच्या वाट्या दुसऱ्या. वाटीत साखर भरायची, वाटी बरणीत ठेवायची, तिच्यावर दुसरी. एक किलो सालीला दोन किलो साखर. ऐकायला जास्त वाटतं, पण साखर कमी पडली तर पाक आंबतो.

हातांचा रंग बघा. हा रंग कॅमेऱ्यात वाढवलेला नाही.

बरणीच्या तळाशी दुसऱ्या दिवशी बोटभर रस जमतो. चौथ्या दिवशी साली तरंगायला लागतात. सात-आठ दिवसांनी साखर संपलेली असते आणि साली आकसून चिवट झालेल्या. मग गाळायचं, जिऱ्याची पूड, थोडं मीठ. आयता पाक आणलात तरी चालेल, फक्त बाटलीवरची घटकांची यादी वाचा. जो घटक जास्त, तो आधी लिहिलेला असतो. घरच्या पाकातही साखरच पहिली, पण तिच्या मागोमाग रातांबा यायला हवा.

(दृश्य: पांढरी वाटी, चमचाभर कोकम.)

हा प्रयोग शाळेतल्या लिटमसचा भाऊ. कोकमाच्या रसात चिमूटभर खायचा सोडा टाकला. फेस आला, आणि लाल रंग मळकट निळसर झाला. आता लिंबू पिळतोय. परत लाल. कोकमाच्या रंगाला आंबट लागतं. म्हणून आपल्या ग्लासात लिंबू असणारच, चवीसाठी आणि रंगासाठीही.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. बाटली.)

आली बाटली. जिन आहे. लेबल मुद्दाम मागच्या बाजूला वळवून ठेवलंय. कोकमाशी खरं लग्न काजूच्या फेणीचं जमलं असतं, पण गोव्याची बाटली परवान्याशिवाय इकडे आणणं गुन्हा आहे. तेव्हा फेणी गोव्यातच प्यावी.

अशा मिश्र पेयाला इंग्रजीत ‘पंच’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या ‘पाच’वरून गेला असं सांगतात. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतले गोरे लोक हे पीत होते, याच्या नोंदी आहेत. शब्दाच्या उगमाबद्दल वाद असेल, पण आत्याच्या ओट्यावर मोजून बघा. पाचही आहेत.

एका ग्लासाचं माप. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात चार-पाच जांभळं, बिया काढून. लाटण्याच्या टोकानं ठेचायची, लगदा नको, फुटली की पुरे. त्यावर अमृत कोकम ४५ मिली, लिंबाचा रस १५ मिली, जिन ६० मिली. आणि मिठाच्या चिमटीऐवजी एक चमचा आगळ. आगळातलं मीठ जांभळाचा तुरटपणा बसवतं. बर्फ डब्याच्या पाऊण भागापर्यंत. कंजुषी करू नका. थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय नुसतं पाणचट होतं.

आता हलवा. दहा-पंधरा सेकंद.

(दृश्य: डबा, अगदी जवळून. आवाज बर्फाचाच.)

स्टीलवर आधी वाफ धरते, मग थेंब, मग बोटांखाली पांढरा थर. हात दुखायला लागला की झालं. गार झालेलं गोड जिभेला कमी गोड लागतं, म्हणून पाक चाखून ‘फारच गोड’ म्हणू नका. थोडा बर्फ वितळून आत जातो, ते पाणी हिशेबातलंच आहे. झाकण उघडत नसेल तर घाबरू नका. आतली हवा थंड होऊन आकसते आणि झाकण ओढून धरते. कडेला तळव्यानं एक चापट मारली की सुटतं.

(दृश्य: भिंत. लाल शिंतोडे, छतापर्यंत.)

हे आमच्या पहिल्या प्रयत्नाचं. माझी चूक. मी सोडा (खायचा नव्हे, बाटलीतला फसफसणारा) डब्यात घालून हलवला. झाकण उडालं ते थेट पंख्यापर्यंत. उडतानाचं चित्रण नाही, कॅमेरा तेव्हा जांभळांवर होता. आत्याचा आवाज मात्र ध्वनिमुद्रणात आहे: “अरे, सोडा वरनं घालतात रे! लिंबू-सोडावालासुद्धा वरनंच घालतो!”

तर सोडा वरून. चहाच्या गाळणीनं ग्लासात गाळा, नवा बर्फ, हळूच सोडा. वर पुदिन्याचं पान घालायचं तर घाला, आम्ही घातलं नाही. तळाशी जांभळा, मध्ये लाल, वर फिका गुलाबी, आणि खिडकीचं ऊन आरपार.

एका ग्लासात ६० मिली म्हणजे दोन छोटे पेग, गोडाखाली लपलेले. महाराष्ट्रात अशा दारूला वय पंचवीस पूर्ण लागतं, पिण्याचा परवाना लागतो, आणि यानंतर गाडी चालवायची नाही. आत्यासाठी जिन वगळून तेच सगळं, सोडा थोडा जास्त.

(दृश्य: आत्या आणि शेजारच्या काकू, गॅलरीत. जिभा बाहेर, दोघींच्याही जांभळ्या.)

(दृश्य: संध्याकाळ. कठड्याखाली वर्तमानपत्र, त्यावर बिया.)

बिया टाकायच्या नाहीत. राखेत चोळून, धुऊन, कडकडीत वाळवून गावी पाठवायच्या. तिकडे त्यांचं तेल निघतं, ते गोठून पांढरट गोळा होतो, आणि हिवाळ्यात टाचांच्या भेगांना लावायला त्यातलाच एखादा गोळा परत या चाळीत येतो. तूर्त आभाळ भरून आलंय. आत्या वर्तमानपत्र चारही टोकांनी उचलून आत नेतेय.