चालता चालता लढाई

नमस्कार श्रोतेहो.

२३ जुलै २०२१ला टोकियो ऑलिंपिकचं उद्घाटन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलं असेल. एकेका देशाचे खेळाडू झेंडा घेऊन मैदानात येत होते आणि मागे वाद्यवृंद जोशात वाजत होता. ते सगळं व्हिडिओ गेमचं संगीत होतं. त्यात ‘फायनल फँटसी’ या जपानी मालिकेतल्याही चाली होत्या. त्यांतली एक अगदी चिमुकली, काही सेकंदांची, तुताऱ्यांची. खेळात लढाई जिंकली की ती वाजते. तिच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

ज्यांचा या खेळांशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खेळणारा चार-पाच पात्रांची टोळी घेऊन एका काल्पनिक मुलखात फिरतो. जादू, तलवारी, राक्षस सगळं आहे. एक भाग पुरा व्हायला तीस-चाळीस तास सहज जातात. पहिला भाग १९८७चा, सोळावा २०२३चा. गंमत म्हणजे प्रत्येक क्रमांकाच्या भागात गोष्ट नवी, जग नवं, माणसंही नवी. मग मालिका म्हणायचं कशाला? मला विचाराल, तर संगीतासाठी. एकेक सूर शिडी चढावा तसा वर जातो आणि तसाच खाली येतो, अशी एक साधी चाल पहिल्या भागाच्या सुरुवातीला आहे. ती पुढेही बहुतेक भागांत कुठे ना कुठे भेटते, नाटकातल्या नांदीसारखी.

या मालिकेचे रसिक जमले की वाद ठरलेला: कोणत्या भागाचं संगीत सर्वांत सुरेल? हा वाद संपत नाही, कारण जो भाग आपण सोळाव्या वर्षी खेळलो तोच आपल्याला सुरेल वाटतो. मी वेगळी जागा सुचवते. पात्र रानातून चालत असतं तेव्हा एक संगीत असतं, आणि लढाई सुरू झाली की दुसरं. या दोहोंमधला सांधा ऐका.

पहिल्या भागाचे संगीतकार नोबुओ उएमात्सु. संगीताचं रीतसर शिक्षण नाही, स्वतःच शिकलेला माणूस. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रात सुरांसाठी जेमतेम तीन वाटा होत्या, चौथ्या वाटेवर नुसती खरखर. एक वाट चालीला, एक जोडसुराला, एक खर्जाला, संपली चैन. लढाईची रीतही तशीच रोखठोक. तुम्ही नकाशावर चालत असता, राक्षस कुठेच दिसत नाही, आणि अचानक पडदा बदलतो. चाललेली चाल मधेच तुटते, खालच्या पट्टीत खर्ज घोड्यासारखा दौडायला लागतो आणि लढाई सुरू. जिंकलात की तुतारी. परत नकाशावर आलात की आधीची चाल पहिल्यापासून. दहा पावलं गेलात की पुन्हा राक्षस!

म्हणजे खेळणाऱ्याच्या कानावर मुखडा शेकडो वेळा पडणार आणि अंतऱ्यापर्यंत पोचायची मारामार. उएमात्सुंच्या त्या काळातल्या चाली पहिल्या दोन-चार ओळींतच मनात बसतात, याचं अर्धं श्रेय मी या तुटण्याला देते. रेंगाळणाऱ्या आलापीला तिथे वावच नव्हता.

१९९४चा सहावा भाग मला सगळ्यांत श्रीमंत वाटतो. तोवर सुपर फॅमिकॉम आलं होतं, आठ आवाज एका वेळी वाजत होते. पण वाद्यांचे सगळे नमुने ६४ किलोबाइटमध्ये बसवायचे होते. आज फोनवरचा एखादा फोटोही त्याहून मोठा असतो. एवढ्या जागेत उएमात्सुंनी चक्क ऑपेरा घातला. सेलेस नावाची सेनानी एका गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहते. तिच्या ओळी खेळणाऱ्याने आधी वाचून पाठ करायच्या आणि ऐन प्रयोगात योग्य ओळ निवडायची. चुकलात तर प्रयोग फसतो, पुन्हा सुरुवात. माणसाचा आवाज त्या यंत्राला परवडणारा नव्हता, म्हणून गळ्यासारखा वाटणारा एक कापरा स्वर गातो आणि शब्द पडद्यावर उमटतात. गळा नसताना गाणं काळजाला भिडतं. का? कारण तीच चाल सेलेसची म्हणून इतरत्रही वापरलेली आहे. जगातल्या भल्या भल्या वाद्यवृंदांनी पुढे हे गाणं खऱ्या गायिकांकडून गाऊन घेतलं. ते देखणं आहे, पण मला तो कापरा स्वरच जवळचा.

मग १९९७चा सातवा भाग, प्लेस्टेशनवरचा. शेवटच्या लढाईत खरा कोरस आला, लॅटिन शब्दांसह, आणि त्याचाच डंका सगळीकडे वाजतो. मला मात्र त्याच भागातली दुसरी जागा मोठी वाटते. एरिथ ही फुलं विकणारी मुलगी डोळ्यांदेखत मारली जाते. तिची हळवी चाल सुरू होते आणि लगेच एक अक्राळविक्राळ राक्षस समोर ठाकतो. सवयीने आपण दणदणीत लढाईच्या संगीताची वाट पाहतो. ते येतच नाही! एरिथचीच चाल चालू राहते. तलवार चालवायची, हुकूम सोडायचे, सगळं त्या रडवेल्या सुरावर. वर्षानुवर्षं पाळलेला नियम मोडायची अशी नेमकी वेळ साधणं याला मी संगीतकाराची बुद्धी म्हणते.

२००६च्या बाराव्या भागात हितोशी साकिमोतो आले. उएमात्सुंकडे फक्त शेवटचं गाणं राहिलं. इथे लढाईसाठी पडदा बदलणंच बंद झालं. राक्षस रानात दिसतो, तिथेच भिडायचं. त्यामुळे नेहमीच्या चकमकींना वेगळं संगीतच नाही. जे वाळवंटात चालताना वाजतं, तेच तलवार उपसल्यावरही. अशा संगीताने हिंडण्यालाही साजावं आणि मारामारीलाही, म्हणून साकिमोतोंचा वाद्यवृंद सतत हलता, पदर उलगडणारा आहे. ‘गुणगुणता येत नाही’ अशी त्याच्यावर तक्रार असते. तक्रार खरी आहे, पण न तुटता वाजायचं म्हणून बांधलेल्या संगीताकडे मुखड्याचा हट्ट धरावा का? माझ्या मते मालिकेतलं सर्वांत कमी कदर झालेलं काम हेच.

योको शिमोमुरांनी संगीत दिलेला पंधरावा भाग २०१६चा. त्यात चार मित्र मोटारीने फिरतात आणि मोटारीत आधीच्या भागांची गाणी लावता येतात. दुकानातून खेळातल्याच पैशांनी विकत घ्यायची, हं. सोळाव्यात मासायोशी सोकेन यांचे कोरस आहेत. एकेक ऐकायला भव्य, पण दर महायुद्धाला आभाळ फाटायला लागलं की मी थकते.

सांध्याचा हिशेब सगळ्यांत चोख मांडला तो २०२०मध्ये, सातवा भाग नव्याने बनवला तेव्हा. एकाच चालीचं शांत रूप आणि लढाईचं रूप जोडीने तयार ठेवलं. शत्रू दिसला की सूर न तोडता ढोल आणि गिटार वर चढतात, लढाई संपली की उतरतात.

आता ती तुतारी. लढाई संपल्याचा वेगळा पडदाच उरला नाही, तर विजयाची चाल वाजवायची कुठे? निर्मात्यांनी ती बॅरेट या धिप्पाड, तापट गड्याच्या तोंडी दिली. शत्रू आडवा झाला की तो कधी कधी स्वतःच ती तुतारी तोंडाने वाजवतो, भसाड्या आवाजात आणि मोठ्या झोकात.