रिफंडच्या टूलचं वर्णन : एजंटसाठी लिहिताना

एआय एजंट म्हणजे दिलेली टूल, म्हणजे कोडमधली फंक्शन्स, वापरून स्वतः काम करणारं भाषा-मॉडेल. त्याला तुमच्या टूलबद्दल मुख्यतः तीन गोष्टी दिसतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे कोणती फील्ड्स, कोणत्या प्रकारची आणि त्यातली कोणती अनिवार्य, याचा आराखडा. नोव्हेंबर 2024मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याची एक ठरलेली पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुली केली. त्यातल्या टूलच्या व्याख्येचा गाभाही हाच आहे. आतला कोड, टीमची विकी, ‘अरे, ते फील्ड रिकामं सोडू नकोस’ असं सांगणारा शेजारचा सहकारी, यातलं काही एजंटकडे नसतं. नवा माणूस अडला की विचारतो. एजंट अडला की बऱ्याचदा अंदाज बांधून पुढे जातो. म्हणून वर्णन लिहिताना अंदाजाला जागा कुठे उरली आहे, ते शोधत जायचं.

आज एकच टूल घेऊ, ग्राहकाला पैसे परत करणारं. मागे रेझरपे या ऑनलाइन पेमेंट कंपनीचा एपीआय, म्हणजे कोडमधून तिची सेवा वापरण्याचा मार्ग, आहे असं समजा. वर्णन आहे: ‘पेमेंटचा रिफंड करतं.’ यात चुकीचं काही नाही, पण एवढ्यावर काम सोपवलं तर पैसे चुकीचे जातील.

पहिली गोष्ट रकमेची. ग्राहक म्हणतो, ‘माझे 500 रुपये परत करा.’ रेझरपेला रक्कम पैशांमध्ये, पूर्णांकात द्यावी लागते: 500 रुपयांसाठी 50000. फील्डचं नाव नुसतं ‘अमाउंट’ असेल तर एजंट 500 भरू शकतो आणि ग्राहकाच्या खात्यात 5 रुपये जातात. एरर येत नाही, कारण 500 पैसे ही चालणारी रक्कम आहे. लॉगमध्ये सगळं यशस्वी दिसतं, म्हणून ही चूक उशिरा सापडते. फील्डच्या नावातच ‘पैसे’ हे एकक घाला, वर्णनात ‘500 रुपयांसाठी 50000’ हे उदाहरण द्या आणि स्कीमात पूर्णांक, किमान 100 अशी अट लावा.

त्याहून धोक्याचं पुढे आहे. ही रक्कम ऐच्छिक असते, आणि ती दिली नाही तर पूर्ण रिफंड होतो. हाताने कोड लिहिणाऱ्याला ही सोय वाटते. एजंटला मात्र संभाषणात रक्कम सापडली नाही, तर ऐच्छिक फील्ड सोडून देणं त्याच्या दृष्टीने रास्तच ठरतं. तीन वस्तूंपैकी एक परत आली आणि पैसे तिन्हींचे गेले. माझ्या मते एजंटच्या हाती देताना रक्कम अनिवार्यच करावी, आणि पूर्ण रिफंडसाठी वेगळं टूल ठेवावं. मूळ एपीआय जसाच्या तसा एजंटपुढे मांडायचं बंधन कुणी घातलेलं नाही.

आयडीचंही तसंच. ग्राहकाकडे बहुधा ऑर्डर क्रमांक असतो. रिफंडला लागतो पेमेंटचा आयडी. तो कोणत्या टूलमधून मिळतो, ते वर्णनात लिहा. रिफंड फक्त ‘कॅप्चर’ झालेल्या, म्हणजे रक्कम प्रत्यक्ष वसूल झालेल्या, पेमेंटचाच होतो, हेही तिथेच सांगा.

आता टाइमआउट. विनंती गेली, उत्तर आलं नाही, एजंटने पुन्हा पाठवली. 2000 रुपयांच्या पेमेंटवर 500चा रिफंड दोनदा झाला, तरी एकूण मूळ रकमेच्या आतच असल्याने तो अडत नाही. इथे आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली हे ओळखून दुसऱ्यांदा पैसे जाऊ न देणारी खूण, हवी, आणि ती तुमच्या टूलने परताव्याच्या मागणीच्या क्रमांकावरून तयार करावी. एजंटवर सोपवली तर प्रत्येक प्रयत्नाला नवी की तयार होण्याचा धोका असतो. एमसीपीमध्ये ‘हे टूल पुन्हा चालवलं तरी परिणाम वाढत नाही’ असं सुचवणारी खूण आहे, पण ती केवळ सूचना आहे. संरक्षण कोडमध्येच असायला हवं.

एररचा मजकूर हासुद्धा दस्तऐवजच आहे, आणि नेमका गरजेच्या क्षणी वाचला जाणारा. ‘अवैध विनंती, 400’ एवढंच परत दिलं तर एजंट आकडे बदलून पुन्हा पुन्हा धडकत राहील. त्याऐवजी लिहा: ‘या पेमेंटवर 150000 पैसेच शिल्लक आहेत, 200000 मागितले. रक्कम कमी करू नका. ग्राहकाशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याकडे पाठवा.’ एमसीपीमध्ये टूल चालवताना आलेला असा एरर निकालातच, एररची खूण लावून परत देता येतो, म्हणजे तो मॉडेलपर्यंत पोहोचतो.

यशाचं उत्तरही नीट समजावून सांगा. रिफंडची स्थिती ‘पेंडिंग’ असताना एजंटने ‘पैसे जमा झाले’ असं सांगून टाकलं, तर ग्राहकाचा पुढचा फोन रागाचाच असेल. स्थितींची यादी आणि प्रत्येक स्थितीत ग्राहकाला काय सांगायचं, हे वर्णनात हवं.

मग तपासा. ग्राहक बोलतात तशी पंधरा-वीस वाक्यं लिहा. त्यांत ‘ऑर्डर रद्द करायची आहे, पैसे अजून भरलेलेच नाहीत’ अशी, रिफंडचं टूल वापरूच नये अशी वाक्यंही घाला. एजंटने कोणतं टूल निवडलं, कोणते आकडे भरले, ते लॉगमध्ये एकेक करून पाहा. वर्णनातलं एक वाक्य बदललं तरी पूर्ण यादी पुन्हा चालवा, कारण रिफंडच्या वर्णनात ‘रद्द’ हा शब्द आला की ऑर्डर रद्द करण्याच्या विनंत्याही याच टूलकडे वळू लागतात.