बँकेची पाटी उतरली, पासबुक राहिलं

(सातारा. पलंगावर पासबुकं मांडलेली, कॅमेरा वरून.)

हे पहिलं पासबुक युनायटेड वेस्टर्न बँकेचं. साताऱ्याची बँक, १९३६ सालची, हेड ऑफिस पण इथंच. त्याच्या शेजारी सांगली बँकेचं, ती तर १९१६ पासूनची. आणि हे कव्हर सुटलेलं, दोऱ्यानं शिवलेलं, हे बँक ऑफ कराडचं. सातारा, सांगली, कराड. आज यातल्या एकाही बँकेची पाटी कुठं दिसणार नाही.

ही पासबुकं ज्यांची आहेत ते आजोबा रिटायर्ड मास्तर, पंचाहत्तरी ओलांडलीय. मोबाईल आहे, व्हॉट्सॲप आहे, नातवाला व्हिडिओ कॉल करतात. बँकेचं ॲप तेवढं नाही. म्हाताऱ्या माणसांना टेक्नॉलॉजी जमत नाही म्हणून ती कागद धरून बसतात असं सगळे सरसकट म्हणतात, आम्हाला या भागात फिरताना तसं वाटलं नाही. या लोकांनी जे बघितलंय ते बघितल्यावर कुणीही कागद जपून ठेवला असता.

१९९२ चा शेअर घोटाळा आठवतोय ना? हातात रोखे नसताना नुसत्या बँक रिसीटा, म्हणजे रोखे दिल्याच्या बँकेच्या पावत्या, फाडल्या गेल्या, आणि त्यात बँक ऑफ कराड अडकली ती संपलीच. म्हणजे मोठ्या लोकांना दिलेल्या पावत्या खोट्या, आणि मास्तरांच्या पासबुकातली शिल्लक खरी. मग २००६ चा सप्टेंबर, युनायटेड वेस्टर्नवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये गेली. पुढच्या एप्रिलमध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. प्रत्येक वेळी नवीन पाटी, नवीन चेकबुक, काउंटरला नवीन माणसं. जुनं काय उरलं तर हे पासबुक.

(पासबुकाचं पान, अगदी जवळून.)

आता हे पान नीट बघा. तारीख, तपशील, नावे म्हणजे काढलेले पैसे, जमा, शिल्लक. सगळं हातानं लिहिलेलं, निळ्या शाईत, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी साहेबांची छोटी सही. तेव्हा पैसे काढायचे म्हणजे स्लिप आणि पासबुक दोन्ही काउंटरला द्यायचं, क्लार्क तुम्हाला पितळी टोकन देणार, मग तो ते जाडजूड लेजर काढणार, तुमचं पान शोधणार, सही पडताळणार, लेजरमध्ये नोंद करणार आणि तीच नोंद पासबुकात उतरवणार, ऑफिसर दोन्हीकडं बघून सही करणार, आणि मग कॅशियर टोकन नंबर पुकारणार. वेळ जायचा, खूप जायचा. पण तुमच्या पैशाचा हिशोब दोन ठिकाणी असायचा, एक बँकेच्या वहीत आणि एक तुमच्या कपाटात, आणि दोन्हीकडं माणसाची सही.

व्याजाचंही तसंच. पूर्वी दहा तारखेपासून महिना अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज मिळायचं, म्हणून पगार हातात आला की दहाच्या आत भरायचा आणि शक्यतो महिनाभर काढायचा नाही, ही घराघरातली शिस्त होती. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकीवर व्याज सुरू झालं. मास्तर अजून पेन्सिलनं समासात व्याज मांडतात, बघा, हे आकडे त्यांचेच. आणि जुळलं की बारीकशी टिक.

(आजींचे हात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून पासबुक काढतायत.)

या आजींचं पोस्टात खातं. पोस्टाची बचत बँक १८८२ पासून चालू आहे, आणि पोस्टाच्या जुन्या पासबुकात प्रत्येक नोंदीवर तारखेचा गोल शिक्का असायचा. आजी शिक्के मोजूनच सांगतात कुठल्या महिन्यात पैसे टाकले नाहीत. त्यांना अक्षरं कमी येतात, आकडे पक्के येतात. २०१६ मध्ये एनएससीची, म्हणजे पोस्टाच्या राष्ट्रीय बचत पत्रांची, छापील सर्टिफिकेटं बंद झाली, तेव्हापासून त्यांचा सगळा भरवसा पासबुकावर.

(प्रिंटरचा आवाज. इथं निवेदन नाही, आवाज पूर्ण ऐकू द्या.)

हे आत्ताचं दृश्य. मागच्या पानावर बारकोड चिकटवायचा, मशीनच्या फटीत पासबुक सरकवायचं, पान संपलं की उलटवून परत घालायचं. चालू असेल तर दोन मिनिटांचं काम. आम्ही गेलो तेव्हा एका शाखेत मशीन बंद होतं, दुसरीकडं "ॲपवर बघा की" म्हणाले, आणि ज्यांची महिना-महिना एंट्री झालेली नाही त्यांना खात्यातून काही भलतं गेलं तरी कळायला उशीर होतो, अनधिकृत व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवायचा असतो, त्यानंतर नुकसान आपल्या अंगावर येऊ शकतं.

खरं तर नियम ग्राहकाच्या बाजूनं आहेत. बचत खात्याचं पासबुक वैयक्तिक खातेदाराला द्यायचं, त्याचे पैसे लावायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेनं सांगून ठेवलंय. जून २०१७ मध्ये असंही सांगितलं की पासबुकात नुसते सांकेतिक कोड छापू नका, कुणाला गेले, कशाचा चार्ज लागला, कळेल असं लिहा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सत्तरीच्या पुढच्या लोकांना घरपोच सेवा द्या म्हणून परिपत्रक निघालं, त्यात पैसे आणून देणं आहे, डीडी आहे, केवायसी आहे, हयातीचा दाखला आहे. पासबुक भरून देण्याचं नाव तिथं नाही. ते तिथं यायला हवं, आमची एवढीच मागणी आहे.

तोपर्यंत तुमच्या घरातल्या कुणाला पासबुक द्यायला कुठल्या शाखेनं नकार दिला तर तोंडी भांडत बसू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. फोन नंबर १४४४८, खाली स्क्रीनवर पण दिलाय.