तारवाल्याची सायकल

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षांनी आत्ता माझी ओळख ‘इतिहासाचे गाढे अभ्यासक’ अशी करून दिली. आमच्या सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे आधीच कबूल करतो की हे खरं नाही. मी तारऑफिसातला माणूस. एकतीस वर्षं कडकट्ट केलं, नंतर टेलिप्रिंटर, म्हणजे इकडे टंकलेलं तारेवरून पलीकडे छापणारं यंत्र, बडवला आणि निवृत्त झाल्यावर वाचनाचा नाद लागला. पत्रिकेवर विषय छापलाय ‘अणुयुगातील महासत्तांची स्पर्धा : १९४५ ते १९९१’. सेहेचाळीस वर्षं, आणि मला दिलेत पन्नास मिनिटं. वर्षाला मिनिट पडतं म्हणजे तसं सुटसुटीत आहे. बघू कसं जमतं.

अणुयुगाचा इतिहास सगळे बॉम्बच्या बाजूनं सांगतात. कोणाकडे किती, किती मेगाटनांचे, पहिला कोणाचा. मला तो निरोपाच्या बाजूनं वाचावासा वाटतो. ही माझी जुनी खोड आहे, घरी कंटाळलेत, म्हणून इथे आलो. बघा, शत्रूला धाक घालायचा तर तो धाक त्याच्यापर्यंत पोचायला नको का? आणि पोचला तरी आपण पाठवला तसाच पोचला पाहिजे. क्षेपणास्त्रं कितीही असोत, मधला सांगावा बिघडला की सगळं मुसळ केरात.

सांगावा कसा बिघडतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. मी तालुक्याच्या गावी होतो. पावसाळ्यात मुंबईहून तार आली, तीन शब्दांची : पोहोचलो, सुखरूप, काळजी नको. आता शब्द मोजा, चार होतात. पण इंग्रजीत तीनच होते, आणि पैसे शब्दावर असायचे. पोरगं पहिल्यांदाच गिरणीत कामाला गेलेलं. आमचा तारवाला चिखल तुडवत वाडीवर गेला. खाकी कपडे आणि सायकल बांधावर दिसली मात्र, पोराच्या आईनं हंबरडा फोडला. तार म्हणजे मरणाचीच बातमी, असं तेव्हा लोक धरून चालायचे. शेजारच्या चार बाया धावल्या, त्यांनी सूर धरला. तारवाला ओरडून सांगतोय, अहो बाई, बरी बातमी आहे! ऐकतंय कोण? लिफाफा कोणी हातात घेईना. शेवटी मास्तरांना शाळेतून बोलावलं, त्यांनी वाचून दाखवलं, तरी म्हातारी म्हणाली, मास्तर माझ्या जिवासाठी खोटं वाचतायत. तारवाल्याला त्या दिवशी चहासुद्धा मिळाला नाही! हे त्यानं मला पुढची दहा वर्षं ऐकवलं.

हसताय, हसा. पण ही वाडी लक्षात ठेवा, तिथे परत जायचंय.

ऑक्टोबर १९६२. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडलेली, अमेरिकेची आरमारी नाकेबंदी सुरू. २६ तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना लांबलचक पत्र लिहिलं. युद्धाची गाठ दोन्हीकडून ओढत बसलो तर ती पुढे सुटायची नाही, अशा अर्थाचं. ते मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीच्या हाती पडलं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सकाळचे पावणेदहा वाजले होते. भाषांतर करायचं, सांकेतिक लिपीत घालायचं, तुकड्या-तुकड्यांनी पाठवायचं. शेवटचा तुकडा वॉशिंग्टनला रात्री नवाच्या पुढे उतरला. म्हणजे जवळपास बारा तास. आणि क्षेपणास्त्राला एका खंडातून दुसऱ्या खंडात जायला लागतो अर्धा तास! आमच्या साहेबांपुढे असा हिशेब ठेवला असता तर मेमो मिळाला असता.

आता माझा सगळ्यात लाडका माणूस. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी आपल्या आठवणींत त्याच्याबद्दल लिहिलंय. २७ तारखेच्या संध्याकाळी ते अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांना भेटले. तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेऊ, पण गुपचूप, हा सौदा त्या भेटीतला. जग ज्यावर टांगलेलं ती बातमी मॉस्कोला कळवायची कशी? वकिलातीत बसून हातानं आकड्यांचे रकाने भरायचे. मग वेस्टर्न युनियन या तारकंपनीला फोन करायचा. तिथून सायकलवर एक पोरगा यायचा, कृष्णवर्णीय, बहुधा दर वेळी तोच. तो लिफाफा घेऊन पॅडल मारत निघायचा. दोब्रिनिन म्हणतात, आमच्या हाती एवढंच होतं की हा वाटेत एखाद्या मुलीशी गप्पा मारत न थांबो म्हणून देवाला साकडं घालायचं. कम्युनिस्ट राजदूत, आणि देवाला!

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अशा सायकली आम्ही किती पाठवल्या! पंक्चर काढायचा भत्ता मिळावा म्हणून अर्ज केले, ते वर्षानुवर्षं वरच पडून राहिले. अर्जसुद्धा निरोपच की हो. असो, ते आज नको. सौभाग्यवती घड्याळ दाखवतायत.

त्याच २७ तारखेला समुद्रात काय चाललं होतं ते सांगतो. सोव्हिएतच्या चार पाणबुड्या क्यूबाकडे निघाल्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक अणुटॉर्पेडो होता. अमेरिकनांना हे माहीत नव्हतं. पाणबुडी वर आणायची तर पाण्यात छोटे, सरावाचे सुरुंग टाकायचे असं त्यांनी ठरवलं. म्हणजे दार ठोठावायचं. हा आवाज म्हणजे हल्ला नव्हे, वर या, एवढाच त्याचा अर्थ, असं त्यांनी मॉस्कोला रीतसर कळवलंही होतं. मॉस्कोतून ते पाणबुड्यांपर्यंत उतरलंच नाही. बी-५९ नावाच्या पाणबुडीत बॅटरी संपत आलेली, हवा कोंदलेली, तापमान ४५ अंशांच्या वर, आणि बाहेरून धडाड धडाड. आत बसलेल्यांनी तेच केलं जे आमच्या वाडीतल्या म्हातारीनं केलं. लिफाफा न फोडता हंबरडा! कप्तान सावित्स्की यांनी अणुटॉर्पेडो सज्ज करायला सांगितलं, असं बोटीवरच्याच एका अधिकाऱ्यानं नंतर सांगितलं. तिथे ताफ्याचे प्रमुख अधिकारी वासिली आर्खिपोव होते. त्यांनी कप्तानाला शांत केलं. नेमकं कोण काय बोललं याच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. पण पाणबुडी वर आली आणि टॉर्पेडो सुटला नाही, एवढं तरी पक्कं. जगाला हे कळायला चाळीस वर्षं गेली, २००२ उजाडलं. आर्खिपोव १९९८ मध्ये वारले होते.

दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, ख्रुश्चेव्ह यांनी माघारीचं उत्तर तारेनं पाठवायची वाटच पाहिली नाही. सरळ रेडिओ मॉस्कोवरून वाचून टाकलं. आमच्या खात्याची इतकी जाहीर बेअब्रू दुसऱ्या कोणी केली नसेल.

मग दोघांनाही अक्कल आली. जून १९६३ मध्ये जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्टला हॉटलाइन, म्हणजे दोन्ही राजधान्यांमधली थेट तार, सुरू झाली. आता सिनेमात दिसतो तो लाल टेलिफोन डोक्यातून काढून टाका. टेलिफोन नव्हताच. टेलिप्रिंटर होता, आणि तोही व्हाइट हाउसमध्ये नाही, पेंटागॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात. तार लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे मॉस्कोला जायची. बोलण्यात चढलेला आवाज भाषांतरात आणखी चढतो, म्हणून लिहूनच पाठवायचं. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत. मला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. आणि वॉशिंग्टनहून पहिला चाचणी संदेश काय गेला माहीत आहे? ‘द क्विक ब्राउन फॉक्स’ वालं ते वाक्य, ज्यात इंग्रजीची सगळी सव्वीस अक्षरं येतात. आम्हीपण मशीन तपासायला हेच वाक्य हाणायचो! दोन महासत्ता आणि आमचं तालुक्याचं ऑफिस, कोल्हा एकच. तिकडून म्हणे मॉस्कोतल्या मावळत्या सूर्याचं वर्णन आलं. एकदा फिनलंडमध्ये शेतकऱ्यानं नांगरट करताना ही तार तोडली होती. आमच्याकडे जेसीबीवाल्याची तर…

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे राहिली.’ चिठ्ठीवर वेळ आहे सहा पंचेचाळीस, आणि आत्ता वाजलेत सहा एकोणपन्नास. म्हणजे सहा राहिली. मी काय सांगतोय ते कळलं ना?

बरं, आता पत्रिकेवरचा विषय. जुलै १९४५ मध्ये अमेरिकेची पहिली चाचणी, ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएतची. १९५२ मध्ये अमेरिकेचा हायड्रोजन बॉम्ब. १९६१ मध्ये सोव्हिएतनं सुमारे पन्नास मेगाटनांचा एकच फोडून दाखवला, जो वापरायला फार मोठा होता. तोही निरोपच होता, बॉम्बच्या लिफाफ्यात घातलेला. १९६३ मध्ये हॉटलाइनपाठोपाठ अंशतः चाचणीबंदी, १९६८ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी, १९७२ मध्ये साल्ट, म्हणजे अस्त्रांना मर्यादा घालणारा करार, १९८७ मध्ये मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडायचा करार, १९९१ मध्ये स्टार्ट, म्हणजे ती कमी करायचा करार. नीट पाहिलंत तर १९७२ पासूनच्या करारांत मोजदाद आहे आणि एकमेकांना कळवणं आहे. मोजदादीवर ग्रंथ निघतात, कळवण्याकडे कोणी बघत नाही.

या सगळ्या काळात खरी शर्यत निरोपाचा वेग आणि अस्त्राचा वेग यांच्यातच होती. हॉटलाइन आली, १९७१ मध्ये उपग्रहांवर न्यायचं ठरलं. तोवर अस्त्रंही जवळ सरकली. १९८३ च्या अखेरीस पश्चिम जर्मनीत अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रं यायला लागली, तेव्हा अर्ध्या तासाचा हिशेब मॉस्कोच्या लेखी दहा मिनिटांच्या आत आला. दहा मिनिटांत तुम्ही कोणाला काय विचारणार? त्याच वर्षी, त्याच्या थोडं आधी, २६ सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर, सेर्पुखोव-१५ या सोव्हिएत इशारा केंद्रात ड्यूटीवर असलेल्या स्तानिस्लाव पेत्रोव यांच्या पडद्यावर अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघालेली दिसली. ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश होता तो, पण हे नंतर कळलं. त्यांनी वर कळवलं, यंत्राची चूक आहे. हॉटलाइन तेव्हाही होती. पण वीस वर्षांत कितीही सुधारलेली असली तरी त्या रात्री ती कोणी वापरली नाही. खालच्या खुर्चीतल्या माणसानं निरोप अडवला. आमच्या खात्यात याला शिस्तभंग म्हणतात. त्यांनाही बक्षीस मिळालं नाही, लॉगबुक नीट भरलं नाही म्हणून बोलणी मात्र खाल्ली.

दुसरी चिठ्ठी आली. ही वाचत नाही.

एकच सांगतो. हे पत्रिकेबाहेरचं आहे, जानेवारी १९९५. नॉर्वेतून उत्तर ध्रुवाच्या प्रकाशाचा अभ्यास करायला एक रॉकेट सोडलं. नॉर्वेनं रशियाला आठवडे आधी पत्र पाठवलेलं. पत्र पोचलंही होतं. पण ज्याच्या टेबलावर ते होतं तो वेगळा आणि रडारसमोर बसलेला वेगळा. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रं सोडायच्या हुकमाची पेटी उघडून ठेवली गेली. शीतयुद्ध संपून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

थांबतो. दिवे घालवायला माणूस दारात उभा आहे. प्रश्न असतील तर जिन्यावर विचारा, आणि तारवाल्यांबद्दलचे असतील तर खाली चहाच्या टपरीवर.